स्वस्तात, जमलं तर फुकटात कॅमेरा ट्रॅकिंग : कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

आडवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच-सहा जण मिळून एक लघुपट करतोय. काळ मे १७३९, चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्यानंतरचे दिवस. एक शिलेदार किल्ल्यातल्या चर्चमध्ये शिरतो, हातात धरलेला कॅमेरा त्याच्या मागोमाग चालतो आणि मग वर वळतो. आज त्या चर्चच्या डोक्यावर छप्पर नाही, थेट आकाश दिसतं. आम्हाला तिथे लाकडी तुळया आणि कौलं दाखवायची आहेत. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचं काम चालू आहे. तो विषय इथे नको, त्याचा वेगळा ग्रंथ होईल.

तोवर सराव म्हणून आमच्या इमारतीच्या जुन्या आवारभिंतीचं चित्रण करून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक केलं, म्हणजे कॅमेरा कसा हलला ते चित्रणावरून काढलं. सॉल्व्ह होतं (कॅमेऱ्याच्या वाटेचं गणित सुटतं), पण एरर चार पिक्सेलच्या खाली येत नाही आणि भिंतीला चिकटवलेला ठोकळा हळूहळू सरकत जातो.

कॅमेरा सोनीचा एपीएस-सी मिररलेस, लेन्स सोबत आलेली १६-५०. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा. ब्लेंडरमधला डोनट (नवशिक्यांचा तो प्रसिद्ध धडा) करून झालाय, आफ्टर इफेक्ट्स कामापुरतं येतं. एकदाच पंधरा-वीस हजार टाकायची तयारी आहे, दरमहा भाडं भरायची नाही. काय घेऊ?

पापलेट

ब्लेंडर. फुकट आहे. पुढचा प्रश्न?

आडवाट

अहो, ब्लेंडरच वापरतेय! वरचा परिच्छेद वाचा की.

पापलेट

वाचला. म्हणूनच म्हणतो, पैसे खिशात ठेवा. गडबड चित्रणात आहे. मॅचमूव्हकर फिरकले की सविस्तर सांगतील, मी तोवर चहा टाकतो.

मॅचमूव्हकर

फिरकलो. मुंबईतल्या एका स्टुडिओत बरीच वर्षं हेच काम करतो, कुठल्या ते विचारू नका.

आडवाट, चार पिक्सेलची एरर म्हणजे सॉल्व्हरला काहीतरी मुळातच चुकीचं सांगितलं गेलंय. सॉफ्टवेअर बदललंत तरी तेच उत्तर येईल, फक्त पैसे देऊन येईल.

पहिला संशय सेन्सरवर. क्लिप एडिटरमध्ये सेन्सरची रुंदी आणि फोकल लेंग्थ भरायची असते. सोनी एपीएस-सीची रुंदी २३.५ मिमी. लेन्स १६ वर असेल तर १६च भरा. पुष्कळ जण कुठेतरी ऐकून दीडने गुणतात, फोकल लेंग्थ २४ भरतात आणि सेन्सर मात्र २३.५च ठेवतात. २४ भरायचीच हौस असेल तर रुंदी ३६ हवी. दोन्हींचं गुणोत्तर जुळलं पाहिजे, बाकी सॉल्व्हरला कॅमेऱ्याच्या कुळाशी देणंघेणं नाही. आणखी एक पाहा : काही कॅमेरे फोर-के मध्ये किंवा जास्त फ्रेमरेटला सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतात. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत ते दिलेलं असेल.

दुसरा संशय स्टेडीशॉटवर, म्हणजे सोनीच्या स्टॅबिलायझेशनवर, आणि माझं मत विचाराल तर खरा आरोपी हाच. त्या लेन्समध्ये भिंगांचा एक गट हात हलेल तसा सरकतो. सॉल्व्हर गृहीत धरतो की लेन्सचा अक्ष फ्रेमच्या मध्यातून जातो आणि पूर्ण शॉटभर तिथेच राहतो. स्टॅबिलायझेशन चालू असेल तर तो अक्ष दर फ्रेमला थोडा इकडेतिकडे होतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन तर आणखी वाईट, ते फ्रेमच कापतं आणि ताणतं. दोन्ही बंद. चित्र हललं तर हलू द्या, सीजी (संगणकावर बनवलेला भाग) बसवून झाल्यावर शेवटी स्टॅबिलाइज करता येतं. अगदीच नको असेल तर गिंबल भाड्याने आणा. गिंबल सबंध कॅमेरा हलवतो, लेन्सच्या आत हात घालत नाही, त्यामुळे त्याची हरकत नाही.

तिसरं म्हणजे ती लेन्स विजेवर चालणारी झूम आहे. एका टोकाला, १६ वर, नेऊन ठेवा आणि शॉट संपेपर्यंत झूमच्या खटक्याला कोणी हात लावणार नाही असं बघा. फोकसही मॅन्युअल, कारण फोकस सरकला की दृश्याचा कोनही किंचित बदलतो.

हे तिन्ही नीट करून भिंत पुन्हा शूट करा. मग बोलू.

निळीशाई

वाचनखूण साठवली. मॅचमूव्हकर, ट्रॅकर (चित्रातल्या एकेका बिंदूचा माग काढणाऱ्या खुणा) कुठे लावायचे यावरही लिहा ना. मी ट्रॅकर आपोआप लावणारं 'डिटेक्ट फीचर्स' दाबते आणि देवावर हवाला ठेवते.

मॅचमूव्हकर

डिटेक्ट फीचर्स दाबायला हरकत नाही, दाबून झाल्यावर साफसफाई मात्र आपलीच. ब्लेंडरला निवडलेल्या दोन कीफ्रेम्समध्ये (गणिताची सुरुवात जिथून होते त्या फ्रेम्समध्ये) सामाईक असे किमान आठ ट्रॅक लागतात. मी कोणत्याही फ्रेमवर पंधरा-वीस तरी ठेवतो आणि ते जवळ, मध्ये, लांब असे खोलीत विखुरलेले असतील असं पाहतो. सगळे एकाच सपाट भिंतीवर असतील तर खोलीचा अंदाज डळमळतो.

वसईत काय होईल ते सांगतो. जुनं दगडी बांधकाम, गिलावा उडालेला, डागाडागांची भिंत म्हणजे ट्रॅकरला मेजवानी. पण किल्ल्यात माड आणि ताड पुष्कळ. झावळ्या वाऱ्यावर हलतात, त्यांच्यावरचे ट्रॅकर निर्दयपणे काढा. शिलेदाराच्या अंगावरचेही काढा. ढगांवरचे तर काढाच.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे खोटा कोपरा. समजा कमानीच्या कडेमागून माडाचं खोड जातंय. दोन कडा जिथे एकमेकींना छेदतात तिथे झकास कोपरा दिसतो, सॉफ्टवेअर आनंदाने तो पकडतं आणि शेवटपर्यंत सोडत नाही. पण असा बिंदू जगात अस्तित्वातच नाही, कॅमेरा सरकला की तोही कडेवरून सरकतो. असे दोन-तीन ट्रॅकर सबंध सॉल्व्ह वाकवतात. ग्राफ व्ह्यूमध्ये बाकी रेषा एका लयीत जात असताना एखादीच वेगळी वाट धरते, ती बहुधा हीच.

सातासमुद्रापार

व्हँकुव्हरहून हजेरी. पंधरा-वीस हजार खर्च करायचेच असतील तर थोडे आणखी घालून डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओचा विचार करा. २९५ डॉलर, एकदाच. कॅमेरा ट्रॅकर त्यातल्या फ्यूजन या इफेक्ट्सच्या भागात आहे, २०१७ च्या फ्यूजन ९ पासून. फुकट रिझॉल्व्हमध्ये मात्र तो मिळत नाही, त्यामुळे फुकट आवृत्ती उतरवून शोधत बसू नका. संकलन, रंग आणि ट्रॅकिंग एकाच छपराखाली येतं (छपराचाच विषय आहे म्हणून).

आफ्टर इफेक्ट्स येतं म्हणालात. त्यात २०१२ च्या सीएस६ पासून थ्रीडी कॅमेरा ट्रॅकर आहे. बटण दाबलं की स्वतःच सगळं करतो, जमलं तर जमलं. नाही जमलं तर आतमध्ये हात घालायला फारशी जागा नाही. रस्त्यावर अक्षरं उभी करायला उत्तम. छपरासारखं काम, जे शेवटी ब्लेंडरमध्येच रेंडर होणार, त्यासाठी कॅमेरा इकडून तिकडे नेण्याचा उपद्व्याप कशाला? सोबत मिळणारा मोका एई प्लेनर ट्रॅकर आहे, म्हणजे सपाट पृष्ठभागाचा माग काढणारा. पाटी बदलणं, मोबाइलचा स्क्रीन बसवणं यात तो राजा. इथे त्याचं काम नाही.

रातराणी_

न्यूक या कंपोझिटिंगच्या (वेगवेगळी चित्रं एकत्र बसवायच्या) सॉफ्टवेअरची नॉन-कमर्शिअल आवृत्तीही फुकट आहे आणि तिच्यात न्यूकएक्स या वरच्या आवृत्तीचा कॅमेरा ट्रॅकर येतो. आउटपुट १९२० × १०८० पर्यंतच.

मॅचमूव्हकर

शिकायला छान. पण लघुपटातून एक रुपया जरी यायचा असेल तरी ती चालत नाही, नावातच लिहिलंय. थ्रीडी-इक्वलायझर या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरचीही शिकण्यासाठीची फुकट आवृत्ती असते. ज्यांना पुढे मॅचमूव्हमध्ये (याच कामाचं धंद्यातलं नाव) नोकरी हवी त्यांनी ती जरूर उतरवावी, कारण मोठ्या स्टुडिओत मुलाखतीला गेलात की पहिला प्रश्न त्याचाच येतो. आडवाटला नोकरी नकोय, छप्पर हवंय. दोन वेगळ्या गरजा.

सिंथआइज आणि पीएफट्रॅक ही पैसे घेणारी मधली फळी. सिंथआइज मला मनापासून आवडतं. ऑटो ट्रॅकिंग वेगवान, अवघड लेन्स समजून घेतं, रोलिंग शटरचाही (सेन्सर ओळीओळीने वाचला गेल्याने चित्र तिरकं होण्याचा) हिशोब धरतं. ते आता बोरिस एफएक्सकडे आहे. ब्लेंडरचा सॉल्व्हर रोलिंग शटरचा विचार करत नाही, आणि मिररलेस हातात घेऊन झपझप चाललात तर फरक पडतो. पण त्यावर फुकट उपाय आहे : हळू चाला.

पापलेट

'हळू चाला'. चहा सार्थकी लागला.

निळीशाई

थोडं विषयांतर करते. 'स्वस्त ट्रॅकिंग' हा प्रश्न जुनाच आहे आणि दरवेळी त्याचं उत्तर विद्यापीठातून आलंय. ऑक्सफर्डमधल्या संशोधनातून टूडीथ्री कंपनीचं बूजू हे ट्रॅकिंग सॉफ्टवेअर निघालं. २००२ मध्ये त्याला एमी मिळालं, पण किंमत घरगुती माणसाच्या आवाक्याबाहेर. त्याच सुमाराला मँचेस्टर विद्यापीठाचं इकॅरस फुकट मिळायचं, पुढे त्याचंच पीएफट्रॅक झालं आणि फुकटपणा संपला. मग हॅनोव्हर विद्यापीठाचं वूडू आलं, बिगर-व्यावसायिक वापरासाठी. ब्लेंडरमध्ये ट्रॅकिंग डिसेंबर २०११ मध्ये आलं, २.६१ आवृत्तीत, लिबएमव्ही नावाच्या मुक्त लायब्ररीवर बांधलेलं. त्यासोबतच ब्लेंडरवाल्यांनी 'टिअर्स ऑफ स्टील' हा लघुपट केला, ट्रॅकिंग आणि कंपोझिटिंगची साधनं खऱ्या कामावर घासून घेता यावीत म्हणून. २०१२ चा तो.

हे सांगण्याचं कारण असं की तो अ‍ॅमस्टरडॅमच्या आउडे केर्क या जुन्या चर्चमध्ये घडतो आणि त्याच्या मूळ फ्रेम्स क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांसाठी खुल्या आहेत. आडवाट, तुमची परवानगी येईपर्यंत त्यातला एखादा शॉट घेऊन बसा. फिरता कॅमेरा, नंतर बसवलेलं सीजी, सगळं तुमच्याच कामाचं. आणि तो चांगल्या कॅमेऱ्यावर जाणत्या लोकांनी शूट केलेला असल्याने बिघडलं तर दोष फुटेजवर ढकलायची सोय नाही.

आडवाट

निळीशाई, ही माहिती सोन्यासारखी. धन्यवाद.

मॅचमूव्हकर, सेन्सरची रुंदी बरोबरच भरली होती. स्टेडीशॉट चालू होतं. ते बंद करून, झूमला हात न लावता तीच भिंत पुन्हा घेतली. एरर ०.६. मग सगळ्यात जास्त एरर असलेले ट्रॅकर एकेक करून उडवत गेले, आता ०.२१ आहे! ठोकळा चिकटून बसलाय.

मॅचमूव्हकर

०.६ बद्दल अभिनंदन. ०.२१ बद्दल थोडं थांबा.

एरर म्हणजे काय? सॉल्व्हरने अवकाशात ठरवलेला बिंदू पुन्हा फ्रेमवर टाकला तर तो तुमच्या ट्रॅकरपासून सरासरी किती पिक्सेल दूर पडतो, एवढंच. जे ट्रॅकर उत्तराशी सहमत नाहीत त्यांना हाकलत गेलात की उरलेल्यांचं एकमत होणारच. ग्रामसभेतून विरोधकांना बाहेर काढून ठराव एकमताने संमत करण्यातला प्रकार. कधीकधी हाकललेलेच खरं बोलत असतात, विशेषतः कॅमेऱ्याजवळचे. जवळचे बिंदू फ्रेमवर जास्त अंतर कापतात म्हणून त्यांची एरर जास्त दिसते, पण पॅरलॅक्सची (कॅमेरा सरकताना जवळचं आणि लांबचं वेगळ्या वेगाने सरकतं, त्याची) माहितीही तेच देतात.

काढण्याआधी प्रत्येकाकडे बघा. तो निसटलाय का, खोटा कोपरा आहे का, हलत्या वस्तूवर आहे का? यातलं काही नसेल तर त्याचं वजन कमी करा, काढू नका. आणि 'रिफाइन'मध्ये सगळ्या खुणा एकदम करू नका. आधी फोकल लेंग्थ, मग गरज पडली तरच रेडियल डिस्टॉर्शन, म्हणजे लेन्समुळे सरळ रेषांना येणारा बाक. सगळं मोकळं सोडलं की सॉल्व्हर लेन्स वाकवून कॅमेऱ्याच्या चुका झाकतो आणि आकडा सुंदर येतो.

खरी परीक्षा एकच. ठोकळा ट्रॅकर नसलेल्या जागी ठेवा, जमिनीवर, लांबच्या कोपऱ्यात, आणि शॉट दोनशे टक्के मोठा करून पाहा.

रातराणी_

०.३ च्या खाली आलंच पाहिजे असं सगळे व्हिडिओवाले सांगतात...

मॅचमूव्हकर

सांगू देत. फोर-के मधलं ०.६ आणि एचडीमधलं ०.६ एकच नाही, हेही कुणी सांगत नाही. ०.८ चे शॉट मी पडद्यावर पाहिलेत आणि ०.२ चे परत आलेले पाहिलेत.

टेकडीवरचा

ट्रॅकर लावायचा कंटाळा असेल तर कोलमॅप पाहा. मुक्त स्रोत, मुळात फोटोंवरून त्रिमितीय रचना उभारायचं साधन, पण व्हिडिओच्या फ्रेम्स दिल्या की कॅमेऱ्याची वाट काढून देतं. ब्लेंडरमध्ये आणायला अ‍ॅड-ऑन मिळतात. माणसावर मास्क देता येतो, म्हणजे शिलेदाराची अडचण नाही. दाट मेश (पृष्ठभागाचं त्रिमितीय जाळं) हवा असेल तर एनव्हिडियाचं कार्ड लागतं, नुसता कॅमेरा आणि विरळ बिंदू हवे असतील तर कार्डाशिवाय चालतं. मेशरूम हाही तसाच पर्याय, वापरायला जरा सोपा.

एकच खोड : कोलमॅप प्रत्येक फ्रेमची जागा सुटी काढतो, कॅमेऱ्याची वाट सलग असावी असं बंधन तो घालत नाही. त्यामुळे कॅमेऱ्यात बारीक थरथर येऊ शकते. वक्र थोडा मऊ करावा लागतो, आणि मऊ केला की सरकण्याचा धोका. दुधारी आहे.

पण तुमच्यासाठी याचा दुसराच उपयोग मोठा. चर्चमध्ये व्हिडिओच्या आधी किंवा नंतर भरपूर स्थिर फोटो काढा, चारी भिंती, एकमेकांवर निम्मेअधिक चढणारे. त्यातून भिंतींचा मेश मिळेल. तुळया भिंतीत कुठे शिरतात, सावली कुठे पडते, हे सगळं त्या मेशवर करता येईल.

सातासमुद्रापार

आयफोन असलेलं कोणी टीममध्ये आहे का? कॅमट्रॅकएआर किंवा जेटसेटसारखी अ‍ॅप्स फोनच्या एआरकिटकडून (फोन कसा हलतोय ते ओळखणाऱ्या सोयीकडून) कॅमेऱ्याची हालचाल चित्रणासोबतच नोंदवतात.

मॅचमूव्हकर

शॉटची आखणी करायला मस्त. जागेवरच कळतं छप्पर फ्रेममध्ये कसं दिसेल. अंतिम शॉटला मात्र ती हालचाल तशीच वापरली तर जिथे सीजी खऱ्या भिंतीला टेकतं तिथे सरकण्याची शक्यता दाट. आणि इथे छप्पर भिंतीलाच टेकणार आहे.

आडवाट, कॅमेरा वर वळतो म्हणालात ना, त्यात खरी मेख आहे. वर वळल्यावर फ्रेममध्ये निव्वळ आकाश आलं तर ट्रॅक करायला काहीच उरत नाही आणि सॉल्व्ह तिथेच मान टाकतो. सोळाच्या रुंदीचा फायदा घ्या. वळताना भिंतींच्या वरच्या कडा निदान दोन बाजूंनी फ्रेममध्ये राहतील अशी जागा निवडा. दिग्दर्शकाला छप्परच भरून हवं असेल तर त्याला सांगा, शेवटी पाच-दहा टक्के क्रॉप करून देते. आणि एका जागी उभं राहून नुसती मान वळवू नका, त्यात पॅरलॅक्स नसतो. चालता चालता वळा. शटर १/५० ऐवजी १/१०० ठेवलंत तर वळताना ट्रॅकर कमी निसटतील, मोशन ब्लर नंतर घालता येतो. शिलेदाराचे पाय थोडे तुटक दिसतील, ते तुम्ही आणि दिग्दर्शक वाटून घ्या.

रंगारी

मी ट्रॅकिंगवाला नाही, लाइटिंग आणि कंपोझिटिंग करतो. सगळा धागा वाचला, कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. छप्पर घातल्यावर आतलं ऊन कुठे जाणार?

आडवाट

...

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

रंगारी

नेहमीचंच आहे. ट्रॅक दगडासारखा घट्ट असतो, पण जमिनीवर भिंतीची टोकदार सावली आणि वर अखंड कौलं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटं आहे हे कळतं.

ऊन नंतर पुसणं हे छप्पर बांधण्यापेक्षा जास्त कष्टाचं. ऊन नंतर घालणं त्यामानाने सोपं. म्हणून सूर्य भिंतीच्या वर यायच्या आत शूट करा, किंवा ढगाळ दिवस गाठा. आत सगळीकडे सपाट, बिनसावलीचा उजेड मिळेल. मग वेढ्यात कौलं फुटलीत असं दाखवा आणि त्या भोकांतून येणारे कवडसे टेकडीवरच्यांनी सांगितलेल्या मेशवर टाका. कथेलाही शोभेल.

शूटिंग कधी आहे? डिसेंबरात असेल तर आणखी एक. मेच्या मध्याला वसईत माध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. डिसेंबरअखेरीस तो माध्यान्हीलाही सुमारे ४७ अंशांवरच राहतो. पटकथेत 'दुपार' लिहिलं असेल तर कवडसे जवळजवळ सरळ खाली पडले पाहिजेत. सीजी सूर्य मेचा ठेवा, त्या दिवशी आकाशात दिसेल त्याचा नाही.

पापलेट

आडवाट, पटकथेत 'सकाळ' लिहा आणि मोकळ्या व्हा.

आडवाट

आत्ताच दिग्दर्शकाशी बोलले. फुटलेली कौलं त्याला इतकी आवडली की ती आपलीच कल्पना होती असं तो आता सांगत सुटलाय. वेळ सकाळची केली आहे, शूटिंग जानेवारीत.

तर सध्याचं ठरलेलं : कॅमेऱ्यासाठी ब्लेंडर, भिंतींसाठी मेशरूम, खर्च शून्य. वाचलेल्या पैशांत गिंबलचं भाडं. किल्ल्यात मार्कर चिकटवायचे का, हा एक प्रश्न उरलाय.

मॅचमूव्हकर

संरक्षित वास्तूला टेप लावायची नाही, खडूचीही रेघ नाही. गरजही नाही, त्या भिंतींवर निसर्गानेच पुरेसे मार्कर काढलेत. जमीन फारच एकसुरी वाटली तर शॉटच्या मार्गाबाहेर चार-सहा दगड ठेवा, नंतर उचला.

मोजपट्टी मात्र न्या. दरवाजाची रुंदी आणि जमिनीवरच्या ओळखू येतील अशा दोन बिंदूंमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. ब्लेंडरमध्ये 'सेट स्केल'ला तोच आकडा द्यायचा. भिंतीची उंची मोजता येणार नाही, तेव्हा कुणाला तरी भिंतीला खेटून उभं करून एक फोटो घ्या आणि त्या माणसाची उंची विचारून ठेवा. खरी उंची, लग्नाच्या बायोडेटातली नको.